प्रागच्या तबकडीवरील अनेक वेळा

युरोपातील विद्यापीठांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या आयुष्यात मित्रमंडळींबरोबरची शनिवार-रविवारची सहल आता चांगलीच रुळली आहे. जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे, आणि तेथील निवास परवाना हाती असला की शेंगेन करारातील, म्हणजे परस्परांच्या सीमांवरील नेहमीची तपासणी उठवलेल्या, इतर देशांत थोड्या दिवसांसाठी वेगळ्या व्हिसावाचून जाता येते; त्यामुळे ड्रेस्डेनहून सकाळची गाडी पकडून एल्बच्या खोऱ्यातून सुमारे अडीच तासांत प्राग गाठणे आणि रविवारी रात्री परतणे हे चार-पाच जणांच्या टोळीला सहज जमते. या सहलीत पैशांइतकाच जपून खर्च करावा लागतो तो वेळ. पूल, किल्ला, ज्यू वस्ती अशी यादी आदल्या रात्रीच झालेली असते आणि जुन्या शहराच्या चौकातील टाउन हॉलच्या भिंतीवरील खगोलीय घड्याळाच्या वाट्याला तीत जेमतेम दहा मिनिटे येतात. या घड्याळाला त्याहून पुष्कळ अधिक वेळ द्यायला हवा, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या विद्यार्थ्याने तर तो द्यायलाच हवा, कारण ते वाचण्याची पूर्वतयारी त्याच्या घरात झालेली असते.

ही तयारी स्वयंपाकघरातील भिंतीवर होते. दिनदर्शिकेच्या एकाच चौकोनात इंग्रजी तारीख, तिथी आणि नक्षत्र शेजारी-शेजारी नांदताना मूल अक्षरओळखीच्या वयापासून पाहते; संकष्टीला चंद्र किती वाजता उगवणार हे आजीला वाचून दाखवणे हे कित्येक घरांत त्याचेच काम असते, आणि ती वेळ मुंबईला एक व नागपूरला दुसरी का, हा प्रश्नही त्याला तेथेच पहिल्यांदा पडतो. पुढे शाळेच्या घंटेने, शिकवणीच्या वर्गांनी आणि प्रवेशपरीक्षेतील मिनिटामिनिटाच्या हिशेबाने काळाची ही अनेकपदरी जाणीव मागे पडत जाते. परदेशी गेल्यावर तिचा एकच पदर उरतो: घरी फोन करताना उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर मनात धरणे.

चौकातील गर्दी तासाच्या ठोक्यासाठी जमते. तबकडीच्या बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या दोन झरोक्यांतून ख्रिस्ताचे बारा शिष्य एकामागून एक डोकावून जातात, सोनेरी कोंबडा आरवतो, आणि थोडक्यात सारे आटोपून मोबाइल खिशात जातात. मूळ घड्याळ १४१० सालचे. कादान गावचा घड्याळजी मिकुलाश आणि गणित-ज्योतिषाचा पंडित यान शिंडेल यांचे ते काम. बाहुल्या त्यात नंतर आल्या, आणि आजचे शिष्य तर १९४८ सालचे आहेत, कारण मे १९४५ मधील उठावाच्या वेळी जर्मन सैन्याच्या माऱ्यात टाउन हॉलला आग लागली आणि जुन्या मूर्ती जळाल्या. हानुश नावाच्या कारागिराने दुसरीकडे असे घड्याळ करू नये म्हणून नगरपित्यांनी त्याचे डोळे काढले, ही गाइड मंडळींची लाडकी कथा निव्वळ दंतकथा आहे. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्याला ती ओळखीची वाटावी, यात नवल नाही.

खरे घड्याळ बाहुल्यांच्या खाली आहे. ती तबकडी म्हणजे ॲस्ट्रोलेब, अर्थात आकाशाचा गोल सपाट पत्र्यावर उतरवून ग्रहताऱ्यांची स्थिती दाखवणारे उपकरण. संस्कृतात त्याला यंत्रराज म्हणतात, आणि महेंद्रसूरी या जैन पंडिताने फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने त्याच नावाचा ग्रंथ १३७० मध्ये, म्हणजे हे घड्याळ उभे राहण्यापूर्वी ४० वर्षे, लिहिला होता. प्रागच्या तबकडीवर सोनेरी हाताचा काटा एकाच वेळी तीन प्रकारचे तास दाखवतो. रोमन आकड्यांचे तास आपल्या नेहमीच्या घड्याळासारखे आहेत. बाहेरच्या फिरत्या कड्यावर जुने बोहेमियन तास आहेत, जे सूर्यास्तापासून १ ते २४ असे मोजले जातात. निळ्या भागावरील वक्र रेषा विषम तासांच्या आहेत: सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा समान भाग केले की जो एक भाग येतो तो तास, मग दिवस मोठा असो वा लहान. प्रागला जूनमध्ये असा तास सुमारे ८२ मिनिटांचा आणि डिसेंबरमध्ये सुमारे ४० मिनिटांचा होतो. मुंबईत हाच फरक ६६ आणि ५५ मिनिटांच्या आसपास राहील. राहुकाळ काढताना दिनमानाचे आठ भाग करतात, हे ज्याने घरात पाहिले आहे त्याला ही पद्धत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नाताळच्या बाजारासाठी डिसेंबरच्या अखेरीस गेलेला विद्यार्थी मात्र येथे अडखळतो, कारण तबकडीवर सूर्य मकर राशीत शिरलेला असतो आणि घरच्या संक्रांतीला अजून तीन आठवडे अवकाश असतो. घड्याळ सायन आहे, म्हणजे त्याच्या राशी वसंतसंपातापासून, मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून, मोजलेल्या आहेत. पंचांग निरयन आहे, म्हणजे ते ताऱ्यांना धरून चालते. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, आणि आज दोन्ही गणनांत साधारण २४ अंशांचे अंतर पडले आहे, जे चालायला सूर्याला तितकेच दिवस लागतात. याच अंतरावरून एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात मोठा वाद झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित सायन गणनेच्या बाजूचे होते, तर लोकमान्य टिळकांनी संपातचलनाच्याच आधारे वेदांचा काळ ठरवणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध केला. सोबतच्या बंगाली किंवा व्हिएतनामी मित्राला हे सारे चौकात उभ्याउभ्या सांगता येणे, ही त्या विद्यार्थ्याची खरी मिळकत आहे.

भिंतीमागची यंत्रणा याहूनही सुंदर आहे. राशीचक्र, सूर्य आणि चंद्र यांची ३६५, ३६६ आणि ३७९ दात्यांची तीन चाके एकाच लहान चाकाने फिरत. सूर्याचा फेरा २४ तासांत होत असेल तर चंद्राच्या जास्तीच्या १३ दात्यांमुळे त्याला सुमारे ५१ मिनिटे अधिक लागतात, आणि चंद्र रोज सरासरी इतकाच उशिरा उगवतो. दुर्बीण नसलेल्या काळात इतके अचूक प्रमाण साधणाऱ्यांपुढे मन नम्र होते.

या तबकडीच्या मध्यभागी पृथ्वी आहे. चौकाच्या पलीकडे, टीन चर्चमध्ये, १६०१ साली वारलेल्या खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची समाधी आहे, आणि त्याच्याच मंगळाच्या नोंदींवरून केप्लरने याच शहरात ग्रहांची सूर्याभोवतीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे शोधून १६०९ मध्ये प्रसिद्ध केले. घड्याळ कोणी बदलले नाही, आणि तसे करण्याचे कारणही नव्हते, कारण ते चौकात उभ्या असलेल्या माणसाला दिसणारे आकाश दाखवते.

याच चौकातील फरसबंदीत पितळेची एक पट्टी बसवलेली आहे. शहराची मध्यान्हरेषा दाखवणारी ही पट्टी मेरीच्या स्तंभाच्या दुपारच्या सावलीला धरून आखलेली होती. तो स्तंभ १९१८ मध्ये जमावाने पाडला आणि २०२० मध्ये पुन्हा उभारण्यात आला. उन्हाळ्यात सूर्य या रेषेवर येतो तेव्हा मोबाइलमध्ये एकच्या आगेमागे वाजलेले असतात. किल्ल्याची रांग त्या दिवशी टाळून मित्रांनी हा फरक स्वतः मोजून पाहावा.