पिठाचा कोंबडा आणि चाळीस शिपाई



दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून बहिणीचा मुलगा आमच्याकडे चिचगडला आला, तो चपलांच्या खोक्यात चाळीस शिपाई घेऊनच. अंगठ्याच्या पेराएवढे, अर्धे मावळे आणि अर्धे आदिलशाही. १६६० सालची पावनखिंड टेबलावर मांडायची, फासे टाकायचे आणि पडेल त्या दानाप्रमाणे शिपाई पुढे-मागे सरकवायचे, असा तो खेळ. प्रत्येक शिपाई एका गोल चकतीवर उभा करतात आणि त्या चकतीवर माती, दगड, गवत खरं वाटेल असं करतात. तयार चकत्या महाग, आणि याचे सगळे पैसे शिपायांतच संपलेले. "मावशी, तू रुखवत करतेस ना, मग हेही करून दे," म्हणाला. रुखवताचं नाव काढलं की मी फसते.

आता कृती सांगते, कारण घरात मुलं असतील तर उपयोगी पडेल. चकती २५ मिलिमीटरची लागते. २०११ साली आलेलं दोन रुपयांचं गोल नाणं बरोबर तेवढंच आहे. ते जाड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं गोल काढायचे आणि कापायचे. खाली सायकलच्या दुकानातला तेवढाच वायसर चिकटवायचा, म्हणजे शिपाई कलंडत नाही. वरून फेव्हिकॉल लावून चहाच्या जुन्या गाळणीनं चाळलेली कोरडी रेती पेरायची. दोन-तीन मोठे खडे आधीच बसवले तर खिंड वाटते. सुकल्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्यायचा, नाहीतर रेती झडते.

आपल्याकडे धानाच्या कोंढ्याला तोटा नाही. तो कुटून पेरला तर वाळलेल्या गवताचा थर दिसतो. कोंढा जाळला की साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि ती बहुतेक सिलिकाच, म्हणजे वाळूचाच प्रकार. काळ्या रंगात ती कालवली की कातळासारखा खरखरीत पोत येतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं पांढुरका रंग वरवर ओढायचा, म्हणजे उंचवटे उठून दिसतात. नारळाच्या शेंडीचे तुकडे उभे लावले की गवताचे झुबके होतात. उकळलेली चहापत्ती म्हणजे जंगलातला पालापाचोळा, पण ती दोन-तीन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवायची. गोडवा राहिला तर मुंग्या येणारच.

भाच्यानं मोबाइलवर दाखवलेल्या युक्त्यांत अंड्याची टरफलं होती, ती मी लगेच बाद केली. ओलं शेवाळही आणू दिलं नाही, त्यात अनंत जीव. ब्रश नायलॉनचे घेतले, केसांचे नाहीत. पूर्वी सुतार सरस वापरायचे, तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा असे. १९५९ साली फेव्हिकॉल आला हे आपल्यासारख्यांवर उपकारच म्हणायचे.

एवढं सगळं पाळून मी खुशीत होते. मग सासूबाई आल्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आणि हे मरणार कुणाच्या हातून?"

यशोधर राजाची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' लिहिलं ते त्याच्यावरच. राजानं खऱ्या प्राण्याचा बळी द्यायला नकार दिला, तेव्हा आई चंद्रमतीनं पिठाचा कोंबडा करून मध्यम मार्ग काढला. कोंबडा पिठाचा, पण मारण्याचा संकल्प खरा. त्यापायी राजाला मोराचा, आईला कुत्र्याचा भव मिळाला आणि पुढे कितीतरी फेरे.

भाचा वकिली करू लागला. एच. जी. वेल्स नावाच्या लेखकानं १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहिले आणि शेवटी म्हटलं, की हे खेळून पाहिलं की खरं युद्ध हा किती आंधळा कारभार आहे ते कळतं. सासूबाई म्हणाल्या, "मग त्याचं ऐकून युद्ध थांबलं का?" पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं, हे पोराला कबूल करावं लागलं. मी बाजी प्रभूंची आठवण काढली: ते रक्षणासाठी लढले, ती विरोधी हिंसा, संकल्पी नव्हे. चामुंडराय तर सेनापतीच होता, तरी श्रवणबेळगोळच्या मूर्तीच्या पायाशी त्याचं नाव मराठीत कोरलेलं आहे. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बाजींना लढणं भाग होतं. तुम्हाला करमत नाही म्हणून तुम्ही लढताय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या रात्री दहा-बारा चकत्या राहिल्या होत्या. मुलं झोपली होती. म्हटलं, उरकून टाकू. ओसरीच्या बल्बखाली बसून फेव्हिकॉल लावला, रेती पेरली, चकत्या ताटात तशाच ठेवल्या आणि झोपले. दिवे बंद करायचंही सुचलं नाही. सकाळी पाहिलं तर प्रत्येक चकतीवर हिरवे तुडतुडे चिकटलेले. धान पिकायला आलं की दिव्याभोवती त्यांचे थवे येतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं असं कसं म्हणू? रात्री जेवत नाही ते याच कारणानं. आणि लाकडाच्या शिपायांच्या मरणावर दिवसभर वाद घालून रात्री मी स्वतः उघड्या फेव्हिकॉलची ताटली दिव्याखाली ठेवली होती.

दोन-चार हलत होते. ओल्या काडीनं सोडवायला गेले तर पंख तुटले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले तेव्हा रोजचे पाठ म्हणताना पहिल्यांदा डोळ्यांसमोर काहीतरी होतं. त्या चकत्या पुन्हा वापरल्या नाहीत. आता नियम केलाय: चिकटवायचं काम फक्त दिवसा, आणि सुकेपर्यंत वर मलमलचं कापड बांधलेली चाळणी उपडी.

शिपायांचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. निर्वाण लाडू चढवून आल्यावर सासूबाईंनीच तोडगा काढला: "भरत-बाहुबली मांडा." दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी, पण लढायचं नाही. मंत्र्यांनी ठरवून दिल्याप्रमाणे भावा-भावांतच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. चाळीस शिपाई आपापल्या चकतीवर बघत उभे राहिले, भाचा भरत झाला आणि आमचा धाकटा बाहुबली. पापणी न लवता बघण्यात धाकटा जिंकला. हापशीवरच्या जलयुद्धात दोघंही नखशिखांत भिजले. मल्लयुद्ध मात्र मी अंगणातच थांबवलं, कारण सासूबाई पंच होत्या आणि त्यांचा कल उघडउघड धाकट्याकडे होता.

भाचा पुण्याला परत जाताना खोक्यात शिपाई भरत होता. "मावशी, तिकडे मी पावनखिंडच खेळणार," म्हणाला. मी त्याला चाळणीला बांधायचं मलमलचं कापड घडी करून दिलं.