हाडाच्या सिमेंटमध्ये काय मिसळावं?

पावडर 40 ग्रॅम आणि उग्र वासाचा द्रव साधारण 20 मिलिलिटर. दोन्ही एकत्र झाले की घड्याळ सुरू होतं. मिश्रण आधी पातळ असतं, मग हातमोज्यांना चिकटतं, मग मळलेल्या कणकेसारखं होतं आणि काही मिनिटांत तापून टणक बनतं. पुण्यात सांधेरोपण करताना हे सिमेंट मी वर्षानुवर्षं हाताळतो आहे. दर वेळी विचार करावा लागतो तो एकाच गोष्टीचा: यात आणखी काय घालायचं आणि कशासाठी?

कवळी ज्या अॅक्रिलिकची बनते, त्याच कुळातलं हे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी 1950च्या दशकाच्या अखेरीस ते खुब्याच्या सांध्यासाठी वापरलं. आपल्या पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय रुग्णांसाठी 'इंडस' गुडघा घडवला. सांधा कोणत्याही बनावटीचा असो, सिमेंटने बसवायचा तर त्याचा भार या पातळ थरातूनच हाडात उतरतो. सिमेंट डिंकासारखं चिकटत नाही. हाडाच्या छिद्रांत शिरून तिथे रुतून बसतं. दाब ते उत्तम सोसतं, ताण मात्र फारसा नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याने किमान 70 मेगापास्कल दाब सोसायला हवा आणि चांगलं सिमेंट तो सहज सोसतं. खरी कसोटी पुढे, वर्षानुवर्षांच्या चालण्यात असते. लाखो पावलांनंतर एखाद्या बारीक पोकळीपाशी भेग सुरू होते आणि हळूहळू वाढत जाते.

म्हणूनच प्रत्येक भर मोजून घालावी लागते. नुसतं अॅक्रिलिक क्ष-किरणात दिसत नाही, म्हणून त्यात बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड घालतात. ते नसेल तर सिमेंट कुठवर पोचलं हे कळणारच नाही, तेव्हा त्याला पर्याय नाही. पण बेरियमचे कण अॅक्रिलिकशी एकजीव होत नाहीत. त्यांच्या गुठळ्या राहिल्या, तर भेगेला सुरुवात करायला आयती जागा मिळते.

प्रतिजैविकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हँबर्गच्या बुखहोल्झ यांनी 1970च्या सुमारास सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची वाट दाखवली. सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून उष्णता सोसणारंच औषध चालतं. औषध विरघळून बाहेर येतं, तिथे सूक्ष्म पोकळी उरते. जंतूंना रोखणारी वाट तीच आणि सिमेंट कमजोर करणारीही तीच! कायमचा सांधा बसवताना 40 ग्रॅम पावडरीत एखाद-दोन ग्रॅम कोरडं औषध चालून जातं, त्यापुढे ताकद घसरू लागते.

जंतुसंसर्गामुळे सांधा काढावा लागला, की हिशेब उलटा होतो. मधल्या काही आठवड्यांसाठी बसवायच्या स्पेसरमध्ये आम्ही मुद्दाम जास्त औषध घालतो. त्याला वीस वर्षं टिकायचं नसतं, जंतू मारायचे असतात. कायमच्या सांध्यासाठी निर्वात पात्रात कालवून हवेचे बुडबुडे कमी करतो. स्पेसरसाठी हातानेच कालवलं तरी बिघडत नाही, सच्छिद्रपणा तिथे कामाचाच असतो. किती ताकद सोडायची आणि किती औषध मिळवायचं, हे ठरवणं मला या कामातलं सर्वांत जबाबदारीचं पाऊल वाटतं.

एका गोष्टीवर मात्र मी तडजोड करत नाही. इंजेक्शनच्या कुपीतलं द्रवरूप औषध सिमेंटमध्ये ओतलं, तर त्यातलं पाणी मिश्रणात अडकून राहतं आणि दाब सोसण्याची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. पावडर स्वरूपातलं औषध हाताशी नसेल, तर ते मागवा. तेवढा वेळ थांबता येतं. थिएटरमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला आणि सिस्टरना माझी कळकळीची विनंती आहे: कायमच्या सांध्याच्या सिमेंटमध्ये द्रव औषध कधीही घालू नका.