सुशीला, भजी आणि वर पाव

येरमाळ्याच्या चौकात सकाळी एसटी थांबली की निम्मी गाडी नाष्ट्याला उतरते. मराठवाड्यात नाष्टा म्हणजे सुशीला. चुरमुरे भिजवून घट्ट पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वर डाळ्याचं कूट. सोबत गरम भजी हवीतच. आज शेजारच्या बाकावरच्या मामांनी तीच सुशीला पावात भरली, वर दोन भजी दाबली, तळलेली मिरची चावली आणि आणखी एक पाव मागितला. तांदूळ, बेसन, मैदा एका घासात! आहारवाले काहीही म्हणोत, मला पटलं. दादरला अशोक वैद्यांनी १९६६ च्या सुमारास बटाटावडा पावात घातला, तेव्हा वेगळं काय केलं होतं?

इथल्या येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेत तर पार्सलचीच झुंबड. रद्दीत खाणं बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरण बजावतं. गाडेवाला बातमीसकट पुडी बांधतो. म्हणून मी घरून डबाच नेतो. तरी घर येईस्तोवर सुशीलेचा गोळा होतो, भजी मऊ पडतात. त्यामुळे भजी वेगळी घेतो. ती घरापर्यंत पोचत नाहीत, हा भाग निराळा.