मृगया आणि जाड नळी

‘मृगया’ या शब्दाच्या मुळाशी ‘मृग्’ म्हणजे शोधणे, माग काढणे हा धातू आहे. ही फोड शिकवताना आम्हांला वायोमिंगच्या उघड्या माळावरचे परवानाधारक हरीण-शिकारी आठवतात. दूरच्या हरणासाठी जाड नळीची मॅग्नम रायफल घ्यावी काय, हा त्यांच्यातला जुना वाद. १९६३ साली आलेले .३०० विंचेस्टर मॅग्नम काडतूस गोळीला सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेग देते. जाड नळी उशिरा तापते, त्यामुळे लागोपाठ झाडलेल्या गोळ्याही जवळजवळ बसतात. तिच्या वजनाने खांद्याला बसणारा धक्काही सौम्य होतो. परंतु शिकारीत निर्णायक ठरते ती थंड नळीतून सुटलेली पहिलीच गोळी. आणि ते वजन दिवसभर वाहावे लागते. शिवाय ५०० मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात हरणाने एक पाऊल उचलले, की छातीवर धरलेला नेम पोटात बसतो आणि जखमी जनावर तासन्‌तास तडफडते. त्या पावलावर कोणत्याही नळीपाशी उपाय नाही. म्हणून आमचा कौल हलक्या रायफलीला आहे. उरलेले अंतर शिकाऱ्याने पायांनी तोडावे, माग काढीत.