वाढत्या मापाची जर्सी

टोरांटोत हॉकीची खरी चर्चा रंगते ती बर्फ वितळल्यावर, हे कळायला मला इथे तीन-चार वर्षं लागली. (हॉकी म्हणजे बर्फावरचीच. 'आइस हॉकी' म्हटलंत की समोरचा लगेच ओळखतो, पाहुणा बाहेरचा आहे.) हिवाळ्यात संघ जिंकतो नाहीतर हरतो, आपण फक्त बघायचं. उन्हाळ्यात मात्र शहरातला प्रत्येक माणूस मेपल लीफ्सचा, म्हणजे शहराच्या संघाचा, दिवाणजी होतो. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, कुणाला किती द्यायचे. 1 जुलै हा कॅनडाचा राष्ट्रीय सण आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजता करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो. बागेत बार्बेक्यूवर कणसं भाजणाऱ्या बाप्यांच्या एका हातात चिमटा असतो, दुसऱ्या हातात फोन. कणसं करपतात.

2025 मध्ये सण आदल्या दिवशीच बिघडला. 30 जूनला बातमी आली की मिच मार्नर चालला, लास व्हेगासला. शेजारच्या मार्कममध्ये जन्मलेला, नऊ हंगाम इथे खेळलेला, 2024-25 च्या हंगामात 102 गुण मिळवलेला पोरगा.

बाहेरच्याला वाटेल, एवढा श्रीमंत संघ, द्यायचे होते चार पैसे जास्त. तिथेच तर मेख आहे. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या भांडणात 2004-05 चा अख्खा हंगाम बुडाला, आणि त्यातून सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, आली. सुरुवातीला 3 कोटी 90 लाख अमेरिकी डॉलर होती, 2025-26 च्या हंगामासाठी 9 कोटी 55 लाख झाली. दंड भरून ती ओलांडायची सोय नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण इथे वाडा असो की भाड्याची खोली, लीगमधल्या बत्तीस घरांना अंथरूण एकाच मापाचं. शिवाय तिकिटं कॅनडाच्या डॉलरमध्ये विकायची आणि पगार अमेरिकेच्या डॉलरमध्ये द्यायचे. मनातल्या मनात सारखा गुणाकार करण्याची सवय फक्त आम्हालाच असते असं नाही.

अंथरुणावरून आठवलं. 2018 च्या 1 जुलैला जॉन तवारेस न्यूयॉर्क आयलँडर्स सोडून इथे आला, तेव्हा त्याने स्वतःचा लहानपणचा फोटो टाकला होता. मेपल लीफ्सची नक्षी असलेल्या चादरीत गाढ झोपलेलं पोर. आम्ही राहतो त्या मिसिसागातच त्याचा जन्म. शहर अक्षरशः विरघळलं. सात वर्षांचे 7 कोटी 70 लाख, म्हणजे वर्षाला 1 कोटी 10 लाख. पाठोपाठ ऑस्टन मॅथ्यूज, विल्यम नीलँडर आणि मार्नर यांचेही मोठे करार झाले. हिशेब चुकीचा नव्हता. कॅप दरवर्षी वाढतेय, आज जड वाटणारा करार तीन वर्षांनी हलका होईल. आपण मुलांना वाढत्या अंगाचे कपडे शिवायचो ना, आज ढगळ दिसला तरी पुढच्या दिवाळीला बसेल, तसंच.

पण पोर वाढलंच नाही. कोविड आला, प्रेक्षागृहं रिकामी पडली आणि कॅप 8 कोटी 15 लाखांवर तीन हंगाम गोठली. त्यातले जवळजवळ निम्मे या चौघांचे. उरलेल्या निम्म्यात गोलरक्षक, बचावफळी आणि बाकी सगळे. मग सुरू झाली ती काटकसर आमच्या ओळखीची होती: उतारवयातले खेळाडू किमान पगारावर घ्यायचे, कुणी दीर्घ दुखापतीच्या यादीत गेला तर तेवढी जागा मोकळी झाली म्हणून हळूच सुस्कारा सोडायचा. मार्नरच्या नऊ हंगामांत संघाने प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, फक्त दोन मालिका जिंकल्या. विजेतेपदाचा स्टॅनली कप तर 1967 नंतर या शहराने पाहिलेलाच नाही. 2025 च्या मे महिन्यात फ्लोरिडाविरुद्ध सातवा सामना घरच्या बर्फावर 6-1 ने गेला, आणि लोकांनी अंगातल्या जर्सी काढून खाली भिरकावल्या.

मग आला तो जून. चौतिसाव्या वर्षी तवारेस पुन्हा करारावर सही करतो, चार वर्षं, वर्षाला 43 लाख 80 हजार. म्हणजे 66 लाखांहून जास्त सोडले. कुठे गेले ते? बावीस वर्षांचा मॅथ्यू नाइस दहा लाखांच्या आतल्या पगारावरून 77 लाख 50 हजारांवर गेला. काकांनी सोडलेलं जवळपास जसंच्या तसं पुतण्याच्या ताटात. या एका आकड्यासाठी तेव्हाचे संघव्यवस्थापक ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांना मी मनातून दाद दिली.

मार्नरचं प्रकरण मात्र गमतीदार आहे. तेव्हाच्या नियमाने नव्या संघाकडे गेलेल्या खेळाडूला जास्तीत जास्त सात वर्षं मिळत, स्वतःच्या संघाकडून आठ. म्हणून त्याने टोरांटोशी आठ वर्षांचा करार केला, वर्षाला 1 कोटी 20 लाख, आणि त्याच करारासकट टोरांटोने त्याला व्हेगासला दिला. बदल्यात निकोला रुआ. जाता यावं म्हणून राहण्याच्या कागदावर सही! आणि नेव्हाडात राज्याचा आयकर नाही. ऑन्टारियोत वरच्या टप्प्यावर निम्म्याहून जास्त जातो. परगावच्या सामन्यांवरचा कर वेगळा असतो हे खरं, पण आपली पगाराची चिठ्ठी पाहणाऱ्या कुणालाही एवढं गणित उमजतं.

पण 1 जुलैच्या बार्बेक्यूला बागेत ते कुणालाच उमजून घ्यायचं नव्हतं. 'गद्दार,' मुलाच्या मित्राचे पप्पा म्हणाले. ते लुधियान्याचे, सामने पंजाबी समालोचनात ऐकतात आणि आकडे माझ्यापेक्षा जास्त पाठ. 'आपलं घर सोडून पैशासाठी कोण जातं?' मी मिरजेचा. आम्ही दोघांनी कणसाला लिंबू लावलं.

तवारेसला आता सगळे घरचा माणूस म्हणतात. पण तो घरी आला तो दुसरं एक घर मोडूनच. 2019 च्या फेब्रुवारीत तो आयलँडर्सच्या मैदानात खेळायला परत गेला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याच्यावर प्लॅस्टिकचे साप फेकले होते. आणि सात कोटी गाठीला असताना चौतिसाव्या वर्षी पैशावर पाणी सोडणं वेगळं, अठ्ठाविसाव्या वर्षी वेगळं. मला तरी अठ्ठाविसाव्या वर्षी ते जमलं नव्हतं.

संध्याकाळी आईशी व्हिडिओ कॉल लागला. मिरजेत पहाट, ती चहा घेत होती. आमच्या चिरंजीवांनी पडेल चेहऱ्याने सांगितलं, "आजी, मार्नर गेला."

"अगं आई गं! कधी? वय काय होतं?"

"अठ्ठावीस."

"लेकरू ते! कशानं?"

मी घाईघाईने फोन घेतला, खुलासा केला. मग ती चिडली. "मग गेला काय म्हणता, नोकरी बदलली म्हणा की." घोटभर चहा घेतला. "गाव कुठलं त्याचं?"

"इथलंच. पलीकडचं."

"आणि गेला कुठं?"

"अमेरिकेत. वाळवंट आहे तिथे."

"मग थंडी तरी नसेल," ती म्हणाली आणि पाऊस किती झाला ते सांगायला लागली.

प्रश्न उरला जर्सीचा. सोळा नंबर, पाठीवर मार्नरचं नाव. दोन वर्षांपूर्वी दोनशेवर डॉलर मोजून घेतलेली, आणि अर्थातच दोन साइझ मोठी. मुलाने ती दान करायच्या कपड्यांच्या पिशवीत टाकली. रात्री पाहिलं तर बायकोने बाहेर काढून घडी करून कपाटात ठेवली होती.

"अरे, बाह्या आत्ता कुठे मनगटाशी यायला लागल्यात," ती म्हणाली.