कानातली टिकटिक

26 नोव्हेंबर 2024
गावात ऊसतोड ऐन भरात, आणि सासूबाई अंथरुणाला. डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत सणक जाते, पाय टेकवत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून सांगितलं, मणक्यातली गादी सरकून नस दबली आहे, पण ऑपरेशनची घाई नाही. पावलात बळ आहे का, लघवी-शौचावर ताबा आहे का, हे त्यांनी आधी तपासलं; तिथं बिघाड असता तर थांबता आलं नसतं. वेदनेच्या गोळ्या सुरू झाल्या, पण त्यांनी सासूबाईंचं पित्त खवळतं. शेजारच्या काकी म्हणाल्या, "पायाला डाग दे, माझ्या आईला गुण आला होता." मी नाही म्हणाले. साखर असलेल्या बाईच्या पायाला भाजून जखम करायची नाही.

3 डिसेंबर
डॉक्टरांना विचारूनच भीमा ओलांडून दौंडला अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या एका बाईंकडे गेलो. या सुयांच्या उपचारासाठी महाराष्ट्रात 2015 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे आधी बाईंचं नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिलं, मग सासूबाईंना बाकावर बसवलं. कुडी आणि बुगडी काढून माझ्या रुमालात आल्या. बाईंनी बोथट सळईनं कान चाचपला. कानाच्या वरच्या अंगाला कूर्चेचे दोन फाटे होतात, त्यातल्या खालच्या फाट्यावर सळई आली तशा सासूबाई कळवळल्या. बुगडीच्या जुन्या भोकाला बाई शिवल्याही नाहीत. कान स्पिरिटनं पुसून पाकीट फोडून काढलेल्या बारीक सुया टोचल्या, सुयांना इवल्या चिमट्या लावल्या आणि तारा गालावर चिकटपट्टीनं बसवल्या. विजेच्या यंत्राचं बटण हळूहळू फिरवत विचारलं, "आजी, काय होतंय?"
"मुंग्या धावत्यात. आता टिकटिक करतंय."
"दुखतंय?"
"नाय वो."
तिथंच बटण थांबलं. पेसमेकर नाही ना, हे आधी दोनदा विचारून झालं होतं.

4 डिसेंबर
रात्री या कानाच्या उपचाराबद्दल वाचत बसले. फ्रान्समधल्या ल्यों शहरात पॉल नोजिए नावाचे डॉक्टर होते. 1950 च्या दशकात त्यांच्याकडे येणाऱ्या काही रोग्यांच्या कानावर भाजल्याचा लहानसा वण दिसे. मार्सेयची एक उपचार करणारी बाई सायटिकासाठी कानाला डाग देत असे आणि त्या रोग्यांना उतार पडला होता. काकी पायाला म्हणतात, त्या बाईनं कानाला दिला. नोजिए यांनी डाग सोडला, सुई घेतली, आणि पोटातल्या उलट्या बाळासारखा सगळ्या शरीराचा नकाशा कानावर मांडला. तो नकाशा मला पटत नाही. गुडघ्यासाठी कानात नेमका एक ठिपका राखलेला असेल, याला अजून भक्कम पुरावा नाही. कानाच्या खळग्यात व्हेगस नसेची फांदी येते, हे मात्र शरीररचनेच्या पुस्तकातलं आहे, आणि आज कानाला वीज देण्याचं बरंचसं संशोधन याच नसेभोवती चाललं आहे.

9 डिसेंबर
आज डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा स्मृतिदिन. सोलापूरचा हा मुलगा 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि 1942 मध्ये तिथंच वारला. त्याच पथकातले डॉ. बिजॉय बसू पुढं पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात ते करू लागले. लुधियानात कोटणीसांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. तिथं व्यसनमुक्तीसाठीही सुया वापरतात.
त्या वापराचा धागा हाँगकाँगला जातो. डॉ. वेन हे मेंदूचे सर्जन 1972 च्या सुमारास शस्त्रक्रियेत भूल म्हणून सुयांतून वीज देऊन पाहत होते. अफूच्या आहारी गेलेल्या एका रोग्यानं सांगितलं की अफू न मिळाल्यानं होणारी तडफड थांबली. तिथून कानाच्या सुया जगभर गेल्या. अमेरिकेच्या औषध नियामकानं 2017 साली अफूजन्य औषधं सोडतानाच्या त्रासासाठी कानामागं लावायच्या विजेच्या उपकरणाला परवानगी दिली. ती पहिल्या काही दिवसांच्या तडफडीपुरती आहे. कोकेनवरच्या मोठ्या चाचण्यांत नुसत्या कानाच्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला "कानात करंट घे, सुटेल" असं कुणी सांगत असेल तर ती त्याची फसवणूक आहे.

15 डिसेंबर
सासूबाई आज चुलीपुढं पाटावर बसून भाकरी थापत होत्या. रात्रीची झोप लागते, गोळी एकच उरली आहे. माझा आनंद मी लपवणार नाही. तरी श्रेय कुणाचं हे सांगणं अवघड आहे, कारण सरकलेल्या गादीचं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत आपसूकही ओसरतं. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीत कानातल्या नुसत्या सुया आणि वीज जोडलेल्या सुया यांची तुलना केली, तेव्हा विजेचा गट पुढं राहिला. पण रोगी थोडे होते. विजेच्या मंद ठोक्यांनी शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं, हे बीजिंगच्या हान जी-शेंग यांनी दाखवलं आहे. मला एवढं पुरतं: दुखणं दबलं, म्हणून त्या पाठीचे व्यायाम करू शकल्या.

22 डिसेंबर
बचतगटाच्या बैठकीत सगळ्यांनी पत्ता मागितला. पत्त्याआधी सांगितलं: नोंदणी बघा, सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे, कान लाल होऊन ठणकला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण कूर्चेत पू झाला तर कानाचा आकारच बिघडतो. पोटुशी असाल तर आधी सांगा. एकीच्या सासऱ्यांना पेसमेकर आहे, पाय बधिर पडतोय, दोन दिवस लघवी तुंबतेय. त्यांना दौंडचा पत्ता दिला नाही. बैठक तिथंच सोडून गाडी बोलावली आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवलं.