इफेससची कमान आणि पाच तासांची सुट्टी

आमचे प्रवासी जहाज तुर्कस्तानातील कुशादासी बंदराच्या धक्क्याला लागले, तेव्हा सकाळचे सात वाजले होते. मे 2024 चा महिना होता. जहाजाच्या लाँड्रीत काम करणाऱ्या माणसाला बंदर म्हणजे लोखंडी भिंतीपलीकडचा आवाज. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, पुन्हा चादरी. कितीतरी देशांच्या किनाऱ्याला लागून आलो, पण पाहिले काय म्हणाल, तर वाफ. त्या दिवशी मात्र माझी पाळी दुपारी दोनला सुरू होणार होती. साडेआठ ते दीड, असे पाच तास हाताशी होते आणि वीसेक किलोमीटरवर इफेसस हे दोन हजार वर्षांपूर्वीचे शहर होते.

प्रवाशांसाठी जहाजाच्या वातानुकूलित बसगाड्या धक्क्यावर रांगेत उभ्या होत्या. ती सहल आमच्या खिशाची नव्हे. मी आणि रत्नागिरीकडचा एक तरुण सहकारी चालतच गावात गेलो आणि डोलमुश पकडली. डोलमुश म्हणजे 'भरलेली'. गाडी भरली की सुटते. आपल्या सातारा-सांगलीकडच्या वडापचीच ही तुर्की बहीण. चालकाने खूण करून विचारले, मी म्हणालो, "एफेस." त्याने मान हलवली. मुलांसाठी सांगतो, तुर्की भाषेत चहाला 'चाय', साबणाला 'साबुन', दुकानाला 'दुक्कान' आणि पुस्तकाला 'किताप' म्हणतात. गुलामाला मुक्त करणे या अर्थी त्यांचा शब्द आहे 'आझात'. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फाट्यावर उतरून आम्ही किलोमीटरभर चाललो. खालच्या दरवाजाशी दुकानांची रांग आहे. एका पाटीवर चक्क 'अस्सल नकली घड्याळे' असे इंग्रजीत लिहिले होते. एवढा प्रामाणिक व्यापारी मी अजून पाहिला नव्हता! तिकीट होते 40 युरो, म्हणजे आपले साडेतीन हजारांवर रुपये. सहकारी जागीच थांबला.

"दादा, दगड बघायला चाळीस युरो? तेवढ्यात घरी आईचा महिन्याचा किराणा येतो."

त्याचे काही चुकले नव्हते. मी त्याला झाडाच्या सावलीत बसवले आणि तिकीट काढले. माझे वडील गिरणी कामगार होते. पगाराच्या पुढच्या रविवारी कधी कधी आम्हा भावंडांना कार्ल्याला, कान्हेरीला घेऊन जायचे. आई डब्यात भाकरी आणि सुकट बांधून द्यायची. लेण्यात पोहोचल्यावर वडील खांबावरची अक्षरे बोटाने दाखवीत. वाचता त्यांनाही येत नसत, पण "हे कोणीतरी नाव कोरले आहे, दान देणाऱ्याचे," एवढे ते सांगत. पुढे वाचनात आले की कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक खांब 'यवनांनी', म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या लोकांनी दिले आहेत. जे लोक आपल्या घाटात येऊन बुद्धाच्या चैत्याला खांब देऊन गेले, त्यांच्या भाषेतले हे शहर. मग आत न जाता परत कसे फिरायचे?

बसने येणारे प्रवासी वरच्या दरवाजाने शिरतात आणि उतारावरून खाली येतात. आम्ही डोलमुशवाले खालून वर. त्यामुळे मला मोठे रंगमंदिर आधी लागले. डोंगराच्या पोटात कोरलेल्या पायऱ्यांवर सुमारे 25 हजार माणसे बसत. याच ठिकाणची एक हकिगत ख्रिस्ती धर्मग्रंथात आहे. इफेससला आर्टेमिस देवीचे जगप्रसिद्ध मंदिर होते. तिचे चांदीचे देव्हारे करून विकणारे कारागीर गावात होते. पॉल नावाचा ख्रिस्ती प्रचारक सांगू लागला की हातांनी घडविलेले देव हे देव नव्हेत. तेव्हा देमेत्रियस नावाच्या सोनाराने सगळ्या कारागिरांना जमवले आणि आधी काय बोलला असेल? आपला धंदा बसेल, हे आधी, देवीचा अपमान होईल, हे नंतर. मग जमाव या रंगमंदिरात घुसला आणि दोन तास देवीच्या नावाने घोषणा देत राहिला. दरवाजावरच्या दुकानांत आजही आर्टेमिसच्या लहान मूर्ती विकायला असतात.

रंगमंदिरासमोरून एक रुंद रस्ता सरळ पश्चिमेला जातो. त्याच्या टोकाला पूर्वी बंदर होते. आज तिथे गवत आणि दलदल आहे. नदीने गाळ आणून टाकला आणि समुद्र काही किलोमीटर मागे सरला. ज्या बंदरावर शहर जगले, ते गेले आणि शहरही गेले. हेराक्लिटस हा तत्त्ववेत्ता याच गावचा, इसवी सनापूर्वी 500 च्या सुमाराचा. सर्व काही वाहते, बदलते, असे सांगणारा. तथागतांच्या अनित्यतेची आठवण होतेच.

संगमरवरी रस्त्याने दहा मिनिटे चालल्यावर ग्रंथालय दिसले. खरे सांगतो, पाय थबकले. दोन मजली दर्शनी भिंत, खांबांच्या जोड्या आणि खाली कोनाड्यांत चार स्त्रियांचे पुतळे. या चार देवता नाहीत, चार गुण आहेत. शहाणपण, सद्गुण, विचार आणि ज्ञान. प्रज्ञा आणि शील दारातच उभे! (पुतळे नकला आहेत. मूळचे ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत.) सेल्सस नावाचा इथला रोमन राज्यपाल वारला, तेव्हा त्याच्या मुलाने, अक्विलाने, बापाच्या स्मरणार्थ इ.स. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हे बांधायला घेतले. बापाला ग्रंथालयाच्या तळघरातच पुरले आहे. ग्रंथखरेदीसाठी अक्विलाने 25 हजार दिनार ठेवले होते. सुमारे 12 हजार गुंडाळ्या इथे असाव्यात, असे मानतात. पुढे आतला भाग आगीत गेला. कोसळलेली दर्शनी भिंत 1970 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या संशोधकांनी तुकडा तुकडा जोडून उभी केली. ग्रंथांसाठी घर बांधणारा माणूस म्हटला की आपल्याला दादरचे 'राजगृह' आठवते. मलाही तेच आठवले.

ग्रंथालयासमोर फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. पण त्याच्या उजव्या हाताला, अगदी खेटून, तीन कमानींचा एक दरवाजा आहे. त्यातून लोक नुसते ये-जा करतात. मीही गेलो असतो, पण एक मार्गदर्शक बाई आपल्या गटाला इंग्रजीत सांगत होत्या आणि माझे कान टवकारले. हा दरवाजा दोन गुलामांनी बांधला. मझायस आणि मिथ्रिडेटिस. एक सम्राट ऑगस्टसचा गुलाम, दुसरा त्याचा जावई अग्रिप्पा याचा. दोघे मुक्त झाले, आझात झाले, धनवान झाले आणि इसवी सनापूर्वी 3 च्या सुमारास त्यांनी शहराच्या बाजारपेठेला हा दरवाजा दिला. वर ग्रीक आणि लॅटिन अशा दोन भाषांत लेख आहे आणि त्यात त्यांची नावे आहेत.

गट पुढे गेला. मी कमानीखाली उभा राहिलो.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आहे. महाराष्ट्र शासनाने 1989 साली काढलेल्या इंग्रजी पाचव्या खंडात ते लिखाण आहे, आमच्या विहारातील वाचनवर्गात त्याचा मराठी सारांश सांगत असत. रोममधील गुलाम शिक्षक होते, कारकून होते, वैद्य होते, ग्रंथपालही होते, हे बाबासाहेब दाखवून देतात. त्यांना मुक्त होता येत असे. गुलाम ठेवायला कायद्याची मुभा होती, सक्ती नव्हती. अस्पृश्यता पाळायला मात्र धर्माची सक्ती होती. वर्गात ऐकताना हे डोक्याला पटले होते. इथे ते दगडात दिसत होते. गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस भर चौकात स्वतःच्या नावाचा दरवाजा उभारतो आणि शहर रोज त्याखालून जाते.

आणि आपल्याकडे? चोखोबा मंगळवेढ्याचे गावकूस बांधताना ते कोसळून त्याखाली गेले, असे परंपरा सांगते. समाधी मिळाली ती पंढरपूरच्या मंदिराच्या दाराबाहेर. भिंत बांधली त्यांनी, आणि आत जागा नाही. बाबासाहेबांनी 1948 साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला, त्यांत चोखोबा आहेत.

पण एक गोष्ट मला टोचली, तीही लिहितो. त्या लेखात आधी मालकांची नावे आहेत. सम्राट, त्याची राणी, जावई, मुलगी. ज्यांनी सोडले त्यांची स्तुती आधी, सुटलेल्यांची नावे नंतर. सुटल्यावरही मालकाचे देणे सुटत नव्हते. शिवाय ही दोन नावे राहिली ती श्रीमंत झालेल्यांची. याच शहरात गुलामांचा मोठा बाजार भरत असे. त्या बाजारात धंदा करणाऱ्यांनी एका रोमन अधिकाऱ्याचा पुतळा उभारल्याचा लेखही इथे सापडला आहे. म्हणजे विकणाऱ्यांची नोंद दगडावर आहे. विकले गेले त्यांची नावे कुठे आहेत? गुलामगिरी बरी होती, असे बाबासाहेबांनी कुठेही म्हटलेले नाही. आपल्यातले काहीजण भाषणाच्या ओघात तसे बोलून जातात, ते चूक आहे.

थोडे वर सार्वजनिक शौचालय आहे. संगमरवरी बाकांना ओळीने भोके, खालून वाहत्या पाण्याचा पाट. मार्गदर्शक सांगतात की थंडीत मालक येण्यापूर्वी गुलामाला बसवून दगड गरम करून घेत. गट हसला. मला हसू आले नाही. तो पाट साफ कोण करीत असेल, हे कोणी विचारले नाही. आपल्या देशात हाताने मैला साफ करवून घेण्यावर 1993 साली कायद्याने बंदी आली, 2013 साली पुन्हा कायदा करावा लागला.

घड्याळात पावणेबारा झाले होते. सहकाऱ्याला सावलीतून उठवले आणि आम्ही सेल्चुक गावाकडे चालत निघालो, तीनेक किलोमीटर. वाटेत आर्टेमिसचे मंदिर लागते. जगातील सात आश्चर्यांपैकी एक म्हणून गाजलेले. आज तिथे तुकडे जोडून उभा केलेला एक खांब आहे आणि त्यावर करकोच्याचे घरटे. तिकीट नाही. सहकारी खूश झाला. "हे बघ दादा, फुकटचेच चांगले!"

बसल्या बसल्या त्याला सम्राट अशोकाचे सांगितले. गिरनारच्या शिलालेखात 'अंतियोक' या यवन राजाचे नाव येते. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय आपण अंतियोकाच्या राज्यातही केली, असे अशोक लिहितो. हा अंतियोक म्हणजे दुसरा अँटिओकस असे मानतात. तो इ.स.पू. 246 मध्ये वारला, आणि वारला तो याच इफेसस शहरात. सहकाऱ्याने घरट्याकडे पाहत विचारले, "म्हणजे आपल्या अशोकाला हे गाव ठाऊक असेल?" राजा ठाऊक होता, एवढे नक्की, असे मी म्हणालो.

ज्यांची मुले जहाजावर आहेत त्यांनी त्यांना एवढे कळवावे. पाण्याची बाटली न्यावी, टोपी न्यावी, संगमरवर गुळगुळीत असतो म्हणून पक्क्या तळव्याचे बूट घालावेत. परतीला तास-दीड तास जास्तीचा धरावा, कारण डोलमुश भरेपर्यंत हलत नाही. आमचीही हलली नाही. सेल्चुकला वीस मिनिटे आम्ही रिकाम्या आसनांकडे बघत बसलो होतो. शेवटी भाजीच्या पिशव्या घेऊन दोन आजीबाई आल्या आणि गाडी सुटली. जहाजाच्या शिडीवर पाय ठेवला तेव्हा दीडला चार मिनिटे कमी होती.

दोन वाजता पाळी सुरू झाली. पहिल्या गाड्यात सकाळच्या चादरी होत्या. सहकारी इस्त्रीच्या यंत्राशी उभा राहून माझ्या मोबाईलमधला कमानीचा फोटो बोटांनी मोठा करून बघत होता.

"यात त्यांची नावे कुठली दादा?"

मी अक्षरांवर बोट ठेवले. वाचता मलाही येत नव्हती.